एपिस्कोपल चर्चमधला पहिला लेंट: तिकिटं काढण्याआधी वाचा

बाळाचा बाप्तिस्मा, आजी-आजोबांची तिकिटं आणि जेवणाचा हॉल या तीन गोष्टींचा क्रम चुकला की पैसे जातात. आधी पॅरिशच्या, म्हणजे आपल्या स्थानिक चर्चच्या, ऑफिसला फोन, मग बाप्तिस्म्याची तारीख, मग तिकीट, आणि हॉल सगळ्यात शेवटी. अमेरिकेत येऊन एपिस्कोपल चर्चमध्ये (अँग्लिकन परंपरेच्या इथल्या चर्चमध्ये) जाणारी आपली ख्रिस्ती कुटुंबं नेमकं उलटं करतात. भारतातून तिकिटं निघतात, हॉलचं डिपॉझिट भरलं जातं, केटररला आगाऊ रक्कम जाते, आणि मग रेक्टरना, म्हणजे पॅरिशच्या मुख्य पाळकांना, विचारल्यावर उत्तर येतं, ‘लेंट संपला की बघू.’

लेंट म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपासाचा काळ, आणि या उत्तरात रेक्टरांचा आडमुठेपणा नसतो. एपिस्कोपल चर्चच्या १९७९च्या प्रार्थनापुस्तकात (बुक ऑफ कॉमन प्रेअर) पान ३१२ वर बाप्तिस्म्यासाठी विशेष योग्य दिवस दिले आहेत: ईस्टरच्या आदल्या रात्रीची जागरण-उपासना, पेंटेकॉस्ट (ईस्टरनंतरचा सातवा रविवार), ऑल सेंट्स डे (१ नोव्हेंबर) किंवा त्याच्या पुढचा रविवार, एपिफनीनंतरचा (६ जानेवारीनंतरचा) पहिला रविवार, आणि बिशप भेटीला येतील तो दिवस. लेंट हा पूर्वापार बाप्तिस्म्याच्या तयारीचा काळ आहे, म्हणून त्या दिवसांत बाप्तिस्मे सहसा देत नाहीत. लग्नंही टाळतात. बाळाच्या जिवाला धोका असेल तर कुणी कॅलेंडर बघणार नाही. पण ‘सासूबाई मार्चमध्येच येताहेत’ हे त्या प्रकारचं कारण नव्हे.

खरा घोळ ईस्टरच्या सरकत्या तारखेमुळे होतो. २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला आहे, म्हणजे ४ एप्रिलचा रविवार मोकळा. २०२८ मध्ये भस्म बुधवार (लेंटचा पहिला दिवस) १ मार्चला आणि ईस्टर १६ एप्रिलला, म्हणजे २ एप्रिल हा लेंटचा पाचवा रविवार. मावसबहिणीच्या मुलाचा बाप्तिस्मा एप्रिलच्या पहिल्या रविवारी झाला, तर आपल्या बाळाचाही होईल, हा हिशोब इथे लागू पडत नाही. पाहुण्यांच्या व्हिसावर साधारण सहा महिने राहता येतं. तेव्हा पेंटेकॉस्ट धरा: २०२७ मध्ये १६ मे, २०२८ मध्ये ४ जून. थंडी सरलेली असते आणि आई-वडिलांची गावाकडच्या उन्हातून सुटकाही होते.

फोनवर आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. आई-वडील आणि गॉडपेरंट (बाळाच्या वतीने बाप्तिस्म्याची वचनं देणारे) यांच्यासाठी तयारीच्या बैठका किती आणि कधी? आणि गॉडपेरंट कोण चालतो? निदान एक तरी बाप्तिस्मा झालेला असावा लागतो. जिवलग हिंदू मित्राला शेजारी उभं राहता येईल, पण गॉडपेरंटची वचनं तो देणार नाही. हे त्याला आधीच सांगा, ऐन वेदीपुढे नको.

भारतातून निघताना आपल्या मंडळीच्या पाळकांकडून पत्र आणा: बाप्तिस्म्याची तारीख व ठिकाण, दृढीकरणाची (कन्फर्मेशनची) तारीख, सही, शिक्का. नाव पासपोर्टावर आहे तसंच लिहून घ्या. वडिलांचं नाव एकात आहे आणि दुसऱ्यात नाही, असं झालं की पुढे प्रत्येक दाखल्याच्या वेळी खुलासे देत बसावं लागतं. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (१९७० साली नागपुरात स्थापन झालेली) अँग्लिकन कम्युनियनमध्ये, म्हणजे एपिस्कोपल चर्च ज्यात आहे त्याच जागतिक चर्च-कुटुंबात, आहे, त्यामुळे तिथे बिशपांच्या हातून झालेलं दृढीकरण इथे परत करावं लागत नाही. मेथडिस्ट किंवा कॅथलिक घरातून आला असाल तर काय करायचं ते रेक्टर सांगतील.

हाकेचं म्हणाल तर पुरुष पाळकांना अनेक ठिकाणी ‘फादर’ आणि स्त्री पाळकांना ‘मदर’ म्हणतात. काही जण नुसत्या पहिल्या नावाने हाक मारा असं स्वतःच सांगतात. ते जिभेवर येत नसेल तर ‘फादर’च म्हणत राहा, कुणी हसत नाही. मंडळीचा कारभार बघणाऱ्या आपल्याकडच्या पास्टोरेट कमिटीच्या जागी इथे वेस्ट्री असते.

भस्म बुधवारी अनेक पॅरिशमध्ये सकाळी लवकर, दुपारी आणि संध्याकाळी अशा उपासना असतात. ऑफिसला जाणाऱ्यांसाठी सकाळची सोयीची. पाळक कपाळावर राखेचा क्रूस काढतात आणि ‘तू माती आहेस, आणि मातीला परत जाशील’ अशा अर्थाचं वाक्य म्हणतात. राख घ्यायला सभासद असावं लागत नाही, बाप्तिस्माही लागत नाही, त्यामुळे नवरा किंवा बायको दुसऱ्या धर्मातली असली तरी रांगेत येऊ शकते. राख दिवसभर ठेवायची की पुसायची, हे ज्याचं त्याने ठरवावं. त्याच दिवशी मत्तयाच्या सहाव्या अध्यायातला, उपास लोकांना दाखवू नका असं सांगणारा भाग वाचतात, एवढं ध्यानात असू द्या. पांढऱ्या कॉलरवर पडलेली राख चोळू नका, झटका. स्टेशनबाहेर उभे राहून राख लावणारे पाळकही दिसतील. घाईच्या माणसाला ते ठीक आहे, पण एकावन्नावं स्तोत्र आणि पान २६७ वरची पश्चात्तापाची लांब प्रार्थना त्यात मिळत नाही, आणि त्या दिवसाचा गाभा तिथेच आहे.

अल्टर गिल्डने (वेदीची तयारी करणाऱ्या स्वयंसेवकांनी) राख तयार करायला बोलावलं तर हे पाळा. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या (पाम संडेच्या) झावळ्या पूर्ण वाळलेल्या हव्यात. ओलसर असतील तर नुसता धूर होतो. बाहेर, पत्र्याच्या डब्यात जाळा, पूर्ण गार होऊ द्या, खलात कुटा, बारीक चाळणीने चाळा. चिकटावी म्हणून हवं तर तेलाचे दोन-चार थेंब घाला. पाणी कधीही घालू नका. राख आणि पाणी मिळून क्षार तयार होतो आणि कपाळाची कातडी भाजते.

रविवारच्या उपासनेत काय नसतं त्याकडे लक्ष द्या. ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत नसतं, त्याऐवजी ‘प्रभू, दया कर’ किंवा ‘पवित्र देव, पवित्र आणि सामर्थ्यवान’ येतं. ‘हालेलूया’ ईस्टरपर्यंत बंद: गीतांत, भाकर मोडताना, निरोपाच्या वाक्यात, कुठेच नाही. मराठी गीत म्हणायला सांगितलं तर ध्रुपदात हालेलूया नाही ना, ते आधी तपासा. वेदीवर फुलं नसतात, वस्त्रं जांभळी किंवा कोऱ्या कापडाची, काही ठिकाणी क्रूसही झाकलेले. त्यामुळे वडिलांच्या स्मरणदिनाला फुलांची परडी घेऊन जाऊ नका, ती मागच्या खोलीत ठेवली जाईल. प्रार्थनेत घेण्यासाठी त्यांचं नाव द्या, आठवड्याच्या सुरुवातीलाच. नेहमीची उपासना पान ३५५ वर सुरू होते. लेंटमध्ये काही पॅरिश पान ३५१ पासून, म्हणजे पापांगीकार आधी घेऊन, सुरुवात करतात. पान चुकलं तर शेजारच्याकडे बघा, तो बोट दाखवतो.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे २ वाजता घड्याळं एक तास पुढे जातात आणि हा रविवार दरवर्षी लेंटमध्येच येतो. भिंतीवरचं घड्याळ शनिवारी रात्रीच बदला, नाहीतर तुम्ही पोहोचाल तेव्हा लोक कॉफी पीत असतील.

प्रभूभोजनाला आपल्या अनेक मंडळ्यांत छोटे पेले असतात. इथे एकच मोठा पेला आणि त्यात खरा द्राक्षारस. उजवा तळवा डाव्यावर ठेवून भाकर घ्या. पेला देणाऱ्याच्या हातात असला तरी त्याच्या बुडाला हात लावून तो ओठांपर्यंत आणा. नको असेल तर नुसती भाकर घेतली तरी प्रभूभोजन पूर्ण होतं. पेल्यात भाकर बुडवायची की नाही, प्रत्येक पॅरिशचा नियम वेगळा, पण बोटं कुठेच बुडवत नाहीत. लिपस्टिक आधी पुसा. बाप्तिस्मा झालेला नसेल तर छातीवर हातांची फुली करून उभं राहा, आशीर्वाद मिळतो.

उपासाबद्दल आपल्या लोकांमध्ये फार मतं असतात. प्रार्थनापुस्तकात उपासाचे दिवस दोनच आहेत: भस्म बुधवार आणि गुड फ्रायडे. बाकीच्या दिवसांत काय सोडायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. रविवार उपासात धरत नाहीत: ४६ दिवसांतून ६ रविवार वजा केले की ४० उरतात. मधुमेह असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी उपास करू नये. इथली माणसं ‘मी चॉकलेट सोडलं’ असं कॉफीच्या टेबलावर सहज सांगतात, ते आपल्याला पोरकट वाटतं. पण साबुदाण्याच्या खिचडीवर दोन वाट्या तूप ओतून उपास करणाऱ्या राज्यातून आलेल्यांनी त्यावर जपूनच हसावं.

आता सूप सपर. लेंटमधल्या बुधवारी किंवा शुक्रवारी संध्याकाळी साधं सूप, ब्रेड आणि त्यानंतर अभ्यास किंवा क्रूसाची वाट (येशूच्या वधस्तंभापर्यंतच्या टप्प्यांवरच्या प्रार्थना). ओळखी व्हायच्या तर इथेच होतात, रविवारच्या पाच मिनिटांच्या कॉफीत नाही. आपली माणसं मात्र शनिवारच्या मराठी प्रार्थनासभेला चाळीस मैल गाडी हाकतात आणि स्वतःच्या पॅरिशमध्ये पुढच्या बाकावर कोण बसतं ते त्यांना माहीत नसतं. मग तक्रार करतात, ‘इथे कुणी विचारत नाही.’ दारातल्या कागदावर नाव लिहा आणि एक भांडं सूप न्या.

मसुराची आमटी उत्तम चालते. सहा क्वार्टच्या स्लो कुकरला ३ कप मसूरडाळ आणि १४ कप पाणी. एकेका कपाचे पंधरा-सोळा वाडगे निघतात. हिरवी मिरची एकच, चिरून टाका आणि शेवटी काढा. तिखट वेगळ्या वाटीत ठेवा. झणझणीत आमटी नेऊन ‘कुणी हात लावला नाही’ म्हणून रुसणारे दरवर्षी भेटतात. दाण्याचं कूट अजिबात नको, शेंगदाण्याच्या ॲलर्जीत इथे जीव जाऊ शकतो. बाजारातल्या बहुतेक हिंगात गव्हाचं पीठ असतं, म्हणून हिंग घातला तर ‘ग्लूटेन नाही’ असं लिहू नका. भांड्यापुढे चिठ्ठी ठेवा: काय आहे, कशाकशाचं आहे, दूध-तूप आहे का. फोडणी घरीच द्या. चर्चच्या स्वयंपाकघरात मिरची तडतडली की धुराचा अलार्म वाजतो आणि फायर ब्रिगेड येऊ शकते. आमटी गरम राहता राहता आळते, म्हणून थर्मासमध्ये लिटरभर उकळतं पाणी न्या. कुकर कॉफीच्या मोठ्या पिंपाच्या सॉकेटला लावू नका, फ्यूज उडतो.

पवित्र आठवड्याची (ईस्टरच्या आधीच्या आठवड्याची) रजा आत्ताच मागा. गुड फ्रायडे ही फेडरल सुट्टी नाही. न्यू जर्सीत राज्य सरकारची कार्यालयं बंद असतात, शेअर बाजार बंद असतो, पण तुमची कंपनी बहुधा चालू असेल.

झावळ्यांच्या रविवारी मिरवणूक अंगणातून निघते, कोट घालून या. येशूच्या दुःखसहनाचं वाचन लांब असतं. ते वाटून वाचतात आणि ‘त्याला वधस्तंभावर खिळा’ हे आपल्याला, म्हणजे लोकांना, म्हणायचं असतं. गुलगुथाचा (येशूला खिळलं त्या जागेचा) उल्लेख आला की सगळे उभे राहतात. गुरुवारी पाय धुण्याचा विधी असतो. पटकन निघतील असे बूट घाला, लांब मोजे नकोत. शेवटी वेदी उघडी करतात, दिवे मालवतात आणि लोक न बोलता घरी जातात. दारात हात मिळवायला थांबू नका. शुक्रवारी येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात वक्ते आणि तीन तास अशी अपेक्षा धरून जाल तर अनेक ठिकाणी तास-सव्वा तासात उपासना संपेल. तीन तासांची कुठे आहे ते शेजारच्या पॅरिशला विचारा. त्या दिवशी नवीन भाकर-द्राक्षारस अर्पण करत नाहीत, देतात तो गुरुवारचा राखून ठेवलेला. दान बहुतेक ठिकाणी जेरुसलेम आणि मध्यपूर्वेतल्या अँग्लिकन मंडळ्यांना जातं.

शनिवारच्या रात्रीची जागरण-उपासना चुकवू नका. अंधार पडल्यावर बाहेर नवा अग्नी, त्यावर पेटवलेली मोठी मेणबत्ती, मग सगळ्यांच्या हातात छोट्या. जुन्या करारातली वाचनं किमान दोन, त्यातलं निर्गमाचं हवंच. पेटलेली मेणबत्ती सरळ धरा आणि न पेटलेली तिच्याकडे वाकवा, उलट केलंत तर मेण शेजारच्याच्या हातावर पडतं. सिंथेटिक साडी आणि सुटा पदर नकोच. नेसायचीच असेल तर सुती साडी, पदर खोचून. ग्लोरियाच्या वेळी वाजवायला घरातली घंटा न्या. आणि हो, लेंटमध्ये अडलेल्या बाप्तिस्म्यांचा पहिला मुहूर्त हाच. मुलाला रात्री झोप येईल हे गृहीत धरून दुपारी झोपवून आणा.

ईस्टरला चर्चमध्ये ठेवायच्या लिलीच्या फुलांची नोंदणी झावळ्यांच्या रविवारच्या सुमारास बंद होते. स्मरणार्थ द्यायचं नाव छापील अक्षरांत लिहा, पत्रकात जसंच्या तसं उतरतं. सोमवारी ऑफिस बहुतेक ठिकाणी बंद असतं, तेव्हा बाप्तिस्म्याच्या दाखल्यासाठी मंगळवारी जा, आणि घरी येण्याआधी त्यावरचं स्पेलिंग तिथेच पासपोर्टाशी ताडून बघा.