टोकन कोण भरतं? बालीतून काम करायला निघण्याआधी

बालीतल्या उबुदच्या घराच्या जाहिरातीत वायफाय फास्ट असल्याचं लिहिलं होतं आणि ते खोटं नव्हतं. दुसऱ्याच आठवड्यात मी क्लायंटला डेमो देत होते, तेव्हा बाहेरच्या भिंतीवर कुठेतरी टीं-टीं सुरू झालं. धुराचा अलार्म बिघडला असेल असं समजून मी दार लोटून घेतलं. थोड्या वेळाने पंखा थांबला, राउटरचे दिवे विझले आणि स्क्रीनवर माझा चेहरा अर्धवट जांभई दिल्यासारखा गोठला. मालकीणबाई स्कूटरवरून आल्या, मीटरवर रिचार्जच्या टोकनचे वीस आकडे दाबले, लाईट आली. तिथल्या बऱ्याच घरांत विजेचा मीटर प्रीपेड असतो. पैसे संपत आले की तो ओरडतो. आपण लक्ष दिलं नाही तर सरळ वीज तोडतो.

म्हणून घर बुक करताना इंटरनेटच्या आधी विजेचं विचारा. मीटर कुठे आहे, टोकन कोण भरतं, रात्री आठ वाजता संपलं तर कोणाला फोन करायचा? मग वायफाय. मालकाकडून स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट मागवा, पण तो राउटरशेजारी नाही, तुम्ही जिथे बसून काम करणार त्या टेबलावरचा, आणि संध्याकाळचा. बाली आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. पुण्यातलं साडेनऊ ते साडेसहा म्हणजे तिथे दुपारी बारा ते रात्री नऊ. तुमची शेवटची मीटिंग चालू असते तेव्हा अख्खी गल्ली सिरीयल नाहीतर मॅच बघत असते. स्क्रीनशॉटमध्ये डाउनलोडच्या मोठ्या आकड्याला भुलू नका, शेजारचा अपलोड बघा. व्हिडिओ कॉलला स्थिर चार एमबीपीएस अपलोड पुरतो. शंभरची लाइन असून अपलोड दोनवर येत असेल, तर समोरच्याला तुम्ही तुटक-तुटकच ऐकू येणार.

लॉकडाऊनमध्ये घरोघरी आलेला राउटरचा छोटा यूपीएस आठवतोय? तो कपाटातून काढून बॅगेत टाका. किरकोळ लाईट गेली की तासभर तोच तारतो. फक्त तिथल्या राउटरच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिलंय ना, ते बघून मगच जोडा. लिथियम बॅटरीचा असेल तर तो आणि पॉवर बँक दोन्ही हातातल्या बॅगेतच ठेवायचे, चेक-इनमध्ये नाही. पॉवर बँकेची विमानातली नेहमीची मर्यादा १०० वॉट-अवर आहे, म्हणजे साधारण २७,००० एमएएच.

प्लगचं थोडक्यात सांगते. व्होल्टेज आपल्यासारखंच २३०, पण सॉकेट गोल आणि आत खोल गेलेलं असतं. मोबाइलच्या चार्जरची बारीक दोन पिनांची टोकं बसतात, लॅपटॉपची आपली जाड तीन पिनांची बसत नाही. एक चांगला कन्व्हर्टर आणि घरचा एक एक्स्टेन्शन बोर्ड घेतला की प्रश्न मिटतो.

आता दुसरी वाट. वायफाय गेलं की तीस सेकंदांत हॉटस्पॉटवर जाता आलं पाहिजे, त्यासाठी मोबाइलचा डेटा पहिल्या दिवसापासून हाताशी हवा. निघण्याआधीच एखादं ट्रॅव्हल ई-सिम फोनमध्ये टाकून ठेवा, म्हणजे विमानतळावर उतरल्या उतरल्या नेट चालू. पण अशा ई-सिमचा डेटा बऱ्याचदा सिंगापूर किंवा हाँगकाँगमार्गे फिरून येतो. मेलला चालतं, कॉलवर मात्र आवाज मागून येतो. महिनाभर राहणार असाल तर स्थानिक सिम घ्या. इंडोनेशियात त्यासाठी फोनचा आयएमईआय, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, नोंदवावा लागतो. अधिकृत काउंटरवर पासपोर्ट दाखवून पर्यटक म्हणून केलेली नोंदणी ९० दिवसांपर्यंत चालते. रस्त्यावरच्या टपरीत स्वस्त सिम मिळतं, पण ते मधेच बंद पडायची भीती, म्हणून मी त्या वाटेला गेले नाही. भाताच्या शेतांकडे राहणार असाल तर टेल्कोमसेल या तिथल्या मोबाइल कंपनीची रेंज बरी.

भारतातलं सिम काढून डबीत ठेवू नका. बँकेचा ओटीपी त्याच्यावरच येणार. आंतरराष्ट्रीय रोमिंग इथूनच सुरू करून घ्या आणि त्या सिमचा डेटा रोमिंग बंद ठेवा, नाहीतर बिल बघून घाम फुटेल. ऑफिसचं लॉगिन शक्यतो ऑथेंटिकेटर ॲपवर हलवा. आयटीवाल्यांना लेखी विचारा की इंडोनेशियातून व्हीपीएन चालेल का. काही कंपन्या परदेशातलं लॉगिन सरसकट अडवतात, आणि ते कळतं नेमकं सोमवारी सकाळी. तिथे रेडिट आणि व्हिमिओ २०१४ पासून ब्लॉक आहेत. कोडमधली चूक शोधताना नेमकं रेडिटवरचंच उत्तर हवं असतं, हे ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे.

२ मे २०२५ ला सगळ्या बेटाचीच वीज गेली होती. अशा दिवशी राउटरचा यूपीएस एकट्याने काही करू शकत नाही, मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्याही काही तासांच्याच. लॅपटॉप कायम चार्ज ठेवा आणि टीममधल्या एकाला आधीच सांगून ठेवा की मी अचानक गायब झाले तर मीटिंग तू पुढे ने. जवळच्या को-वर्किंग जागेत जनरेटर आहे का आणि ती किती वाजता बंद होते, हेही आल्याच्या पहिल्या दिवशीच विचारून ठेवा.

शेवटी कॅलेंडर. न्येपी म्हणजे बालीतल्या शक वर्षाचा पहिला दिवस. सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत विमानतळ बंद, रस्ते ओस, दिवे मालवलेले, आणि २०१८ पासून मोबाइल इंटरनेटही बंद. हॉटेलचं वायफाय चालू राहिलं तरी त्या भरवशावर मीटिंग ठेवू नका. आपला पाडवाही शक वर्षाचाच पहिला दिवस, आणि २०२६ मध्ये दोन्ही १९ मार्चलाच. अशा वर्षी ऑफिसला पाडव्याची सुट्टी असेल तर प्रश्नच नाही. एरवी तारखा जुळतीलच असं नाही. २०२४ मध्ये न्येपी ११ मार्चला होतं आणि पाडवा थेट ९ एप्रिलला. तेव्हा तिकीट काढायच्या आधी तारीख बघा आणि रजेचा अर्ज तेव्हाच टाका.