चॉकलेटच्या धंद्याचं सामान: साच्यांच्या आधी हायग्रोमीटर

पहिल्यांदा यादी केली तेव्हा माझ्याकडे साचे होते, वजनकाटा होता, सोनेरी कागद आणि रिबिनीसुद्धा होत्या. हायग्रोमीटर नव्हता. म्हणून तो आधी. हवेतला दमटपणा दाखवणारं ते एवढंसं यंत्र कामाच्या खोलीत आठवडाभर टांगा आणि सकाळ-दुपार-रात्रीचे आकडे लिहून ठेवा. आकडा ५०-५५ टक्क्यांच्या वरच राहत असेल, तर पहिले पैसे एसी किंवा डीह्युमिडिफायरला (हवेतला ओलावा खेचून घेणारं यंत्र). खोली १८ ते २२ अंशांत राहिली पाहिजे आणि कोरडी राहिली पाहिजे. नुसती गार नव्हे, कोरडी.

माझी ऑर्डर दोनशे नगांची होती. फ्रिजमधून साचे काढले, चॉकलेटं टकाटक सुटली, आरशासारखी चमकत होती. पाच मिनिटांत त्यांना घाम फुटला. मी टिश्यूने पुसली (हो, पुसली!) आणि डब्यांत भरली. दोन दिवसांनी बघते तर प्रत्येकावर राखाडी, खरखरीत थर. ओलाव्याने वरची साखर विरघळते आणि पाणी उडालं की कण होऊन बसते. असा थर दिसला तर बोट चोळून बघा. वितळून गेला तर ते कोको बटर, म्हणजे कोकोतलीच चरबी; मग टेम्परिंग (चॉकलेट ठरावीक अंशांवर वितळवून, गार करून परत कोमट करणं) चुकलं. खरखर तशीच राहिली तर ती साखर, म्हणजे तुम्ही माझीच चूक केलीत. खोली २७ अंश आणि दमटपणा ७५ टक्के असेल, तर २२ अंशांहून थंड कशावरही पाणी धरतं. फ्रिजमधला साचा तर केवढा थंड!

आता बाकीचं. प्रोबवाला डिजिटल थर्मामीटर हवाच: डार्क ४५-५० अंशांवर वितळवा, २७-२८ वर उतरवा, परत ३१-३२ वर आणा, मिल्कचा शेवटचा आकडा एक-दोन अंश कमी. कंपाउंड (कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल घातलेलं चॉकलेट) वापरलंत तर टेम्परिंग वाचतं, दमटपणा मात्र त्यालाही सोडत नाही. वितळवायला मायक्रोवेव्ह किंवा मेल्टर घ्या. उकळत्या पाण्यावरच्या भांड्यात वाफ शिरते, आणि थेंबभर पाण्यानेही चॉकलेटचा घट्ट गोळा होतो. उलथनी सिलिकॉनची घ्या, लाकूड पाणी धरून ठेवतं.

साचे जाड पॉलिकार्बोनेटचे. घासणी अजिबात लावू नका, कापसाने पुसा. साच्यावरचा प्रत्येक ओरखडा चॉकलेटवर उमटतो.

मेलांजर, म्हणजे कोको दळायचं दगडी यंत्र, सध्या नको. कोकोच्या बियांपासून करायचं असेल तरच तो. मग भाजणं, टरफलं उडवणं आणि एकेक दिवस, कधी दोन-तीन दिवस अखंड दळणं आलं.

पॅकिंग हवाबंद, वासाच्या वस्तूंपासून लांब. लेबल, परवाना हे ऑर्डर घ्यायच्या आधी.

आणि हायग्रोमीटर दोन घ्या. दुसरा पॅकिंगच्या टेबलापाशी. एसीच्या खोलीतून तिथे नेलेला माल पुन्हा घामेजतो, हे मला दुसऱ्या ऑर्डरला कळलं.