नऊ विरुद्ध एक: मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात निर्णय तडीस कसा न्यावा

गिटहबवर (मुक्त सॉफ्टवेअरचा कोड ठेवायच्या साइटवर) खातं आहे, प्रकल्पात दोन-चार पॅच (कोडमधल्या दुरुस्त्या) गेलेत, इश्यू (तक्रार किंवा सूचना) नोंदवता येतो, हे सगळं धरून चालतो. नसेल येत तर आधी सहा महिने बग दुरुस्त करा. आल्या आल्या धोरण बदलायला निघालेल्याला कुठल्याच प्रकल्पात कुणी विचारत नाही, आणि ते बरोबरच आहे.

आधी कारभारी शोधा

प्रत्येक प्रकल्पाच्या पहिल्या पानावर 'आमच्याकडे सगळे समान' असं लिहिलेलं असतं. ते वाचा आणि विसरा. शेवटचे वीस मोठे बदल उघडून बघा: मर्जचं, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये मिसळायचं, बटण कुणी दाबलं, आणि दाबण्याआधी कुणाच्या होकारासाठी सगळे थांबले होते? दोन-तीन नावं पुन्हा पुन्हा दिसतील. प्रस्ताव त्यांना पटेल असा लिहायचा.

लेखी नियम असतील तर तेही चाळा, कारण दर घरचा कायदा वेगळा. लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, कुठला भाग कुणाच्या ताब्यात याची 'मेंटेनर्स' नावाची फाइलच आहे. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत वर्षानुवर्षं शेवटचा शब्द तिचे जनक गिडो व्हान रॉसम यांचा होता. := या एका चिन्हाच्या प्रस्तावावरून इतकी जुंपली की प्रस्ताव मंजूर केल्यावर, जुलै २०१८ मध्ये, ते स्वतःच बाजूला झाले. आता तिथे पाच जणांची निवडून आलेली समिती असते. डेबियन या लिनक्सवर उभ्या असलेल्या प्रणालीच्या प्रकल्पाची तर १९९८ पासून चक्क राज्यघटना आहे. तिच्यात एक कलम आहे, ते पाठ करा: या घटनेमुळे कुणावरही प्रकल्पाचं काम करण्याचं बंधन येत नाही. मला ते कलम फार उशिरा कळलं.

प्रस्ताव आणि मुदत

प्रस्ताव एक पानाचा. काय बदलायचं, त्यानं काय मोडेल, काम कोण करणार. शेवटच्याचं उत्तर 'आपण सगळे मिळून' असं असेल तर पाठवू नका.

मग मुदत. अपाचे या मुक्त सॉफ्टवेअर संस्थेच्या प्रकल्पांत साधारण ७२ तास थांबायची रीत आहे. तेवढ्यात कुणी हरकत घेतली नाही तर मौन म्हणजे संमती. माणसं वेगवेगळ्या देशांत, नोकरी सांभाळून रात्री हे काम करतात, म्हणून तीन दिवस. शुक्रवारी संध्याकाळी प्रस्ताव टाकून सोमवारी सकाळी 'कुणी काही बोललं नाही' म्हणणारे महाभाग मी पाहिलेत. दिवाळीच्या आणि नाताळच्या आठवड्यात तर काही टाकूच नका.

नकार आला की

इथे मी तोंडावर आपटलो होतो, म्हणून इथे जरा थांबतो.

'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली, ५.१ आवृत्तीत. त्याआधी अ टाइप करून त्यावर चंद्र द्यायचा. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती वेगळी अक्षरं. एक शोधलं तर दुसरं सापडत नाही. आमच्या एका छोट्या मराठी कीबोर्डच्या प्रकल्पात मी सुचवलं की यापुढे नवंच अक्षर उमटू दे. नऊ जणांनी +१ (होकार) दिलं. एकानं -१ (नकार). तो शुद्धलेखन तपासायची शब्दसूची सांभाळायचा. 'सूचीत सगळे शब्द जुन्या पद्धतीचे आहेत, ते चुकीचे ठरतील,' एवढंच त्यानं लिहिलं. मी उत्तर दिलं, 'नऊ विरुद्ध एक,' आणि मर्ज केलं.

दुसऱ्या दिवसापासून 'ॲसिडिटी' लिहिलं की खाली लाल रेघ. 'ॲडमिशन'खाली लाल रेघ. सूची दुरुस्त कोण करणार? तोच. त्यानं भांडण केलं नाही, निरोपाचं लांबलचक पत्रही लिहिलं नाही. यायचा थांबला, बस. सूचीची फाइल कशी तयार होते हे त्या नऊ जणांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं, आणि मलाही नव्हतं. सोळा दिवसांनी माझा बदल मीच मागे घेतला.

+१ द्यायला काही पडत नाही. मंडळाच्या बैठकीत मांडव मोठा हवा म्हणून पंचवीस हात वर होतात, पहाटे बांबू धरायला चौघे असतात. त्या चौघांनी मान हलवली नसेल तर मांडव उभा राहत नाही. -१ देणारा पुष्कळदा त्या चौघांपैकी असतो, म्हणून मतं मोजायच्या आधी एवढंच बघा की हा निर्णय झाला तर रात्र कुणाची जाणार.

तो माणूस सापडला की त्याला 'तुम्हाला का नको?' असं विचारू नका. त्या प्रश्नानं माणूस आपली बाजू लढवायला लागतो आणि मग चाळीस उत्तरांची माळ लागते. विचारा, 'काय केलं तर तुमची हरकत राहणार नाही?' आधी खासगीत विचारा. चारचौघांत कुणालाच माघार घ्यायला आवडत नाही. मात्र जे ठरेल ते सगळ्यांसमोर मांडा, नाहीतर 'आतल्या आत उरकलं' हा शिक्का बसतो आणि तो लवकर पुसत नाही.

आता याचीच दुसरी बाजू. 'सगळ्यांना सोबत घेऊन चला' हा सल्ला सर्रास दिला जातो, आणि माझ्या मते तो घातक आहे. तो पाळला की सगळ्यात हट्टी माणूस प्रकल्प चालवायला लागतो. अपाचेत कोडच्या बदलावर एकाचं -१ पुरतं, बदल अडतो; पण त्यामागे तांत्रिक कारण द्यावं लागतं, कारण नसेल तर ते -१ मोजलंच जात नाही. रिलीज, म्हणजे नवी आवृत्ती काढणं, मात्र एकटा कुणी अडवू शकत नाही: किमान तीन अधिकृत +१ आणि विरोधापेक्षा होकार जास्त, की झालं. इंटरनेटची प्रमाणकं ठरवणाऱ्या आयईटीएफनं २०१४ मध्ये एक टिपणच काढलं, क्रमांक ७२८२. त्याचा रोख असा की शंभर जण बाजूनं आणि पाच विरोधात असले तरी सहमती झाली असं होत नाही, आणि उलट पाचच बाजूनं असूनही ती झालेली असू शकते. हरकतीला उत्तर मिळालं का, एवढं तपासायचं. हरकत घेणारा खूश झाला का, हे तपासत बसलात तर म्हातारे व्हाल.

दोन महिन्यांनी मी शब्दसूचीवाल्याला तो दुसरा प्रश्न विचारला. उत्तर तासाभरात आलं: सूचीत दोन्ही रूपं चालली पाहिजेत, आणि रूपांतराची स्क्रिप्ट मी लिहिणार नाही. दोन रविवार घालवून ती मी लिहिली, चाळीसेक ओळींची. त्यानं लगेच चूक काढली. मी फक्त शब्दाच्या सुरुवातीचा ॲ बदलत होतो, 'रिॲक्टर' तसाच राहत होता. मी दुरुस्त केलं आणि मर्ज त्यानंच केलं. मतदान झालंच नाही.

मतदान करावंच लागलं तर

फेब्रुवारी २०१४ मध्ये डेबियनच्या आठ जणांच्या तांत्रिक समितीत संगणक सुरू होताना बाकीच्या सेवा चालू करणारा प्रोग्रॅम सिस्टमडी असावा की अपस्टार्ट यावर चार-चार मतं पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मतानं सिस्टमडी आलं. नियमात बोट ठेवायला जागा नव्हती. तरी भांडण वर्षभर पेटलं, नोव्हेंबरमध्ये सगळ्या सदस्यांचं मतदान झालं, आणि काही मंडळी डेव्हुआन नावाचा फोर्क, म्हणजे त्याच कोडवरून वेगळा प्रकल्प, काढून निघून गेली. तिथे मतदान टाळता येण्यासारखंही नव्हतं. प्रणालीसोबत आपोआप येणारी निवड एकच असू शकते. अशी वेळ आलीच तर डेबियनसारखं मतपत्रिकेवर 'यापैकी काहीच नको' हा पर्यायही ठेवा आणि पसंतीक्रम मागा. दोनच पर्याय दिलेत तर लोक दोनच गटांत वाटले जातील.

नोंद

निर्णय त्याच दिवशी लिहून ठेवा, काय नाकारलं आणि का नाकारलं यासकट. पायथनच्या प्रस्तावांत नाकारलेल्या कल्पनांसाठी वेगळा भाग असतो, तो उचला. आमच्याकडे 'ॲ'चा प्रश्न त्यानंतर तीन वेळा नव्यानं आला. तिन्ही वेळा शब्दसूचीवाल्यानं त्या नोंदीचा दुवा चिकटवला आणि इश्यू बंद केला.