नव्या घराचा प्लॅन: स्लॅब टाकण्याआधी या चुका टाळा

बांधकामाचा विषय निघाला की बहुतेकांचा पहिला प्रश्न एलिव्हेशनचा, म्हणजे घराच्या दर्शनी बाजूचा असतो. मोबाइलमध्ये फोटो साठवलेले असतात, पुढची गॅलरी कशी हवी, रंग कोणता, जाळी कुठे, सगळं ठरलेलं असतं. पण सकाळी सातला त्या घरात काय चाललेलं असेल, हे कुणी सांगत नाही. कोण अंघोळीला, कुणाचा डबा, धुणं कुठे, आजोबांचा चहा कुठे? प्लॅन खरं तर यातून निघायला हवा. एलिव्हेशन नंतरही बदलता येतं, संडासाची जागा नाही.

उदाहरण म्हणून तालुक्याच्या गावातला ३० × ४० फुटांचा एनए (बिगरशेती) प्लॉट घेऊ. म्हणजे १२०० चौरस फूट, एका गुंठ्याहून (१०८९ चौ. फूट) थोडा जास्त. घरात आजी-आजोबा, नवरा-बायको आणि दोन मुलं. पुढे, मागे, बाजूला सोडायचं अंतर रस्त्याच्या रुंदीवर आणि प्लॉटच्या आकारावर ठरतं. मुंबई आणि काही अपवाद वगळता राज्यात त्यासाठी २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. ते अंतर सोडून हातात समजा २२ × २८ फूट उरले. आता चुका सुरू होतात.

"१० बाय १० ची बेडरूम पुरे की!"

पुरेल, पण कुठले १० बाय १०? भिंतीच्या मध्यापासून मध्यापर्यंत, की आतून? नकाशा हातात आला की पहिला प्रश्न हाच विचारा. सेंटर लाइनचं माप असेल आणि भिंती ६ इंची असतील, तर दोन्ही बाजूंनी अर्धी अर्धी भिंत आणि प्लास्टर जाऊन आत ९ फूट ५ इंच उरतात. त्यात ६ × साडेसहा फुटांचा पलंग टाका. पलंगाच्या पायथ्याशी २ फूट खोलीचं कपाट ठेवलंत, तर मध्ये ११ इंच राहतात. कपाटाचं दारच उघडणार नाही. कपाट बाजूच्या भिंतीला घेतलंत, तर पलंग दुसऱ्या भिंतीला चिकटतो आणि आत झोपणाऱ्याला रात्री उठायचं तर दुसऱ्याच्या अंगावरून.

तीच खोली आतून १० × १२ मिळाली की प्रश्न सुटतो. ती दोन-अडीच फुटांची वाढ बहुतेक वेळा पॅसेजमधून निघते. ४ फूट रुंद, १५ फूट लांब पॅसेज म्हणजे ६० चौरस फूट, आणि त्याचा उपयोग काय, तर चालायचं. नकाशा घेताना फर्निचर खऱ्या मापाने काढून मागा. ६ फुटी पलंगाच्या जागी ५ फुटी काढला की कुठलीही खोली प्रशस्त दिसते, म्हणून पट्टी लावून तपासा.

पाच दारांचा हॉल

हॉलमध्ये मुख्य दार, स्वयंपाकघराचं, बेडरूमचं, जिन्याचं आणि कॉमन टॉयलेटचं. हॉल १२ × १६ चा असला, तरी सोफा ठेवायला अखंड भिंत नाही. माणसं कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकी चालतात, टीव्हीसमोरून. पाहुणे बसलेले असताना टॉयलेटचं दार थेट त्यांच्यासमोर उघडतं, तो संकोच वेगळाच.

निदान एक भिंत ९-१० फूट अखंड सोडा. गौरी-गणपतीचं मखर कुठे मांडणार, हे नकाशावर बोट ठेवून सांगता आलं पाहिजे. मखरासमोर आरतीला वीस माणसं उभी राहणार आहेत आणि जेवणाची ताटं त्यांच्यातूनच न्यायची आहेत. दारं शक्य तितकी एका बाजूला, एकमेकांजवळ आणली की हॉल आपोआप मोठा होतो.

एक बारीक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. बेडरूमचं दार कोपऱ्यापासून चार इंच सोडून बसवायची पद्धत आहे. ज्या कोपऱ्यात कपाट यायचं आहे, तिथे दार सव्वादोन फूट सोडून घ्या. दारामागच्या पट्ट्यात २ फूट खोलीचं कपाट नीट बसतं. विटा रचताना हे फुकट होतं.

जिना उरलेल्या जागेत

जिन्याला सगळ्यात शेवटी जागा मिळते, म्हणून तो नेहमी कुठेतरी कोंबलेला असतो. गणित साधं आहे. दोन मजल्यांमधली उंची १० फूट, म्हणजे १२० इंच. १८ चढ (पायरीची उभी उंची) केले, तर एक चढ पावणेसात इंचांच्या आत येतो. मध्ये लँडिंग घेऊन दोन भाग केले की प्रत्येकात ९ चढ आणि ८ पायऱ्या (नववा चढ थेट लँडिंगवर किंवा वरच्या मजल्यावर पोचतो), प्रत्येक पायरी १० इंच रुंद, म्हणजे ६ फूट ८ इंच. त्यात ३ फूट लँडिंग. एकूण लांबी जवळपास १० फूट, रुंदी साडेसहा फूट, आणि चढायला सुरुवात करण्यापूर्वी उभं राहायला आणखी ३ फूट.

हाच जिना ८ फुटांत बसवला की पायरी साडेसात इंच रुंद होते. टाच टेकली तर बोटं पुढे बाहेर, उतरताना तर पाऊल तिरकंच टाकावं लागतं. राष्ट्रीय बांधकाम संहितेत घरगुती जिन्यासाठी पायरी किमान २५० मिमी आणि चढ जास्तीत जास्त १९० मिमी सांगितला आहे. १० इंच आणि साडेसात इंच धरा. ही शेवटची मर्यादा आहे, आजी-आजोबांच्या घरात तिथपर्यंत जाऊच नका.

आणि जिन्याखालचं टॉयलेट! लँडिंग जमिनीपासून ५ फुटांवर येतं, त्यातून स्लॅबची जाडी वजा केली की खाली साडेचार फूट. त्यात मोठा माणूस उभा राहू शकत नाही. फरशी खाली घ्यावी, तर ड्रेनेजला उतार मिळत नाही. तिथे इन्व्हर्टर, पाण्याचा पंप किंवा चपलांचं कपाट ठेवा.

पाण्याची वाट

सगळ्यात महाग चुका इथे होतात, कारण त्या काँक्रीटच्या आत गाडल्या जातात.

वरच्या मजल्याचं टॉयलेट खालच्या टॉयलेटवरच आलं पाहिजे. ते खालच्या स्वयंपाकघरावर किंवा देवघरावर आलं, तर पुढे गळती झाल्यावर कुठे ठिबकणार ते सांगायला नको. शिवाय पाइप कुठून तरी आडवे न्यावे लागतात, मग ते झाकायला पीओपी, आणि पीओपीच्या आत गळलेलं कळायला सहा महिने. संडास-बाथरूम, स्वयंपाकघराचं सिंक आणि धुण्याची जागा एकाच बाहेरच्या भिंतीला लागून आली, तर पाइप कमी लागतात आणि चेंबर एका रांगेत येतात.

टॉयलेटखालचा स्लॅब खाली घ्यावा लागतो, त्याला साइटवर संक म्हणतात. संक किती, हे संडासाच्या भांड्यावर अवलंबून असतं. कमोड आहे की भारतीय पद्धतीचं, यानुसार ६ इंचांपासून दीड फुटापर्यंत फरक पडतो. म्हणजे भांडं कुठलं, हे सेंट्रिंगच्या (स्लॅबखालच्या साच्याच्या) आधी ठरायला हवं. टाइल्सच्या दुकानात ठरवू म्हटलं, तर उशीर झालेला असतो.

घाणपाण्याच्या ४ इंची पाइपला साधारण ४० फुटांना १ फूट उतार धरतात. टॉयलेट घराच्या मागच्या कोपऱ्यात आणि सेप्टिक टँक पुढच्या अंगणात, असं केलं तर तो फूटभर उतार जोत्याच्या उंचीतून काढावा लागतो. जोतं बुटकं असेल तर चोकअप ठरलेलं. बोअर असेल तर टँक त्याच्यापासून शक्य तितका लांब ठेवा आणि मैला उपसणाऱ्या गाडीचा पाइप तिथवर पोचेल का, तेही बघा.

सोलर हीटरचंही इथेच पाहा. गच्चीच्या एका टोकाला टाकी आणि बाथरूम दुसऱ्या टोकाला असेल, तर रोज सकाळी गरम पाणी येईपर्यंत पाइपातलं थंड पाणी बादलीत सोडत बसावं लागतं.

आणि धुणं-भांडी. मॉड्युलर किचनचे नकाशे बघून लोक सिंकवर समाधान मानतात. पण परात, कुकर, पाहुण्यांच्या पंक्तीची पातेली घासायला बाई येते, तेव्हा तिला बसायला मोरी लागते. स्वयंपाकघराच्या मागे ४ × ६ ची ओली गॅलरी ठेवा: नळ, मशीनचा पॉइंट, वर वाळत घालायच्या काठ्या. त्या गॅलरीचं दार बाहेरून उघडणारं असेल, तर बाईला हॉलमधून यावं लागत नाही.

पश्चिमेची खिडकी

मे महिन्यात दुपारी तीननंतर पश्चिमेची भिंत तापते आणि रात्री अकरापर्यंत ती उष्णता आत सोडत राहते. त्या बाजूला बेडरूमची मोठी काच लावू नका. जिना, बाथरूम, कपाटांची भिंत तिकडे चालते. कोकणात पाऊसही याच बाजूने मारतो, म्हणून छज्जा दीड फुटावर थांबवू नका. प्रत्येक खोलीला दोन वेगवेगळ्या भिंतींत खिडक्या मिळाल्या, तर वारा फिरतो. एकच खिडकी कितीही मोठी केली तरी तो अडतो.

वास्तू बघायची असेल तर आधी

मानायचं की नाही, हा तुमचा प्रश्न. पण आग्नेयेला स्वयंपाकघर आणि ईशान्येला देवघर हवंच असेल, तर ते पहिल्याच बैठकीत सांगा. पाया भरल्यावर मामांच्या ओळखीचे तज्ज्ञ आणून संडास हलवायला लावणं, हे वास्तूत बसतं की नाही कल्पना नाही, बजेटात बसत नाही.

खालची खोली आजी-आजोबांची

तळमजल्यावर एक बेडरूम आणि त्याला जोडून टॉयलेट, यात तडजोड नको. दार ३ फुटांचं, बाथरूमचंही अडीचपेक्षा कमी नको, उंबरा नको. टॉयलेटचं दार बाहेरच्या बाजूला उघडणारं करा. आत कुणी पडलं, तर आत उघडणारं दार अंगाला अडतं.

वरचा मजला "नंतर"

पुढे वर बांधायचं असेल, तर पाया आणि कॉलम आजच दोन मजल्यांचे लागतात, आणि ते इंजिनीअरच्या डिझाइनवर लिहून घ्या. वरचा मजला भाड्याने द्यायचा विचार असेल, तर जिना हॉलमधून नको, बाहेरून द्या. हे नंतर सुचून उपयोग नसतो.

फक्की मारल्यावर घाबरू नका

लाइनआउट झालं, म्हणजे जमिनीवर फक्कीच्या (पांढऱ्या भुकटीच्या) रेघांनी भिंतींच्या जागा आखल्या, की घरचे म्हणतात, "एवढीशी खोली?" उघड्या जागेत प्रत्येक खोली लहानच दिसते, भिंती चढल्या की तीच बरी वाटते. त्या घबराटीत मापं वाढवू नका, मार्जिन (भोवती सोडायचं अंतर) जातं आणि पूर्णत्वाच्या दाखल्याला अडचण येते. त्याऐवजी आत्ता राहता त्या घरातल्या खोल्या टेपने मोजा आणि नकाशातल्या आकड्यांशी ताडून पाहा.

चूक झालीच असेल तर

वीटकाम चालू असेपर्यंत दार-खिडकी सरकवणं फारसं खर्चिक नसतं, लिंटेल (दार-खिडकीवरची काँक्रीटची पट्टी) पडायच्या आत मिस्त्रीला सांगा. खोली अडचणीची झाली असेल, तर कपाटाला आणि बाथरूमला सरकतं दार द्या. संक राहून गेला असेल, तर टॉयलेटची फरशी एक पायरी उंच घ्या, किंवा पाइप स्लॅबच्या खालून टांगून न्या, पण खाली स्वयंपाकघर नसेल तरच. पाइपसाठी बीम किंवा कॉलम फोडायला मात्र कुणालाही देऊ नका, प्लंबर कितीही म्हणाला, "एवढ्याशा भोकाने काय होतंय." भोक हवंच असेल, तर स्लॅब टाकण्याआधी पाइपाचा तुकडा बसवून ठेवतात. ते राहिलं असेल, तर पाइप बाहेरच्या भिंतीवरून फिरवून न्या आणि आरसीसी डिझाइन करणाऱ्याला विचारल्याशिवाय छिन्नी लावू देऊ नका.