परसातली मेथी-पालक हिवाळ्यासाठी फ्रीजरमध्ये: काळपटपणा आणि गवताचा वास कसा गेला

बर्फाळ प्रदेशात परसबाग ऑक्टोबरात संपते. निवडलेली पालेभाजी कच्चीच पिशवीत भरून गोठवली, तर थोड्याच दिवसांत ती काळपट पडते, सुकल्या गवतासारखी लागते. पानांतली एन्झाइम्स (रंग-चव बदलवणारी नैसर्गिक द्रव्यं) थंडीत मंदावतात, थांबत नाहीत. त्यामुळे आधी उकळत्या पाण्यातून काढायलाच हवी.

अर्धा किलो पाल्याला सुमारे आठ लिटर पाणी. कमी पाण्यात घाणा टाकला की उकळी बसते आणि पाला अर्धवट शिजतो. अर्धकच्चा पाला तर न उकळलेल्यापेक्षाही लवकर बिघडतो, कारण एन्झाइम्स उलट चेकाळतात. भाजी टाकल्यावर मिनिटभरात पुन्हा उकळी आली पाहिजे. मेथी-पालकाला दोन मिनिटं पुरतात. लगेच बर्फाच्या पाण्यात, तीही दोन मिनिटं.

मग पिळणं. इथे कंटाळा नको. उरलेलं पाणी बर्फ होतं आणि भाजी सुटताना लगदा हातात येतो. पंच्यात बांधून हिरवं पाणी थेंब थेंब येईपर्यंत पिळा. एका वेळच्या भाजीपुरते गोळे ताटलीत सुटे गोठवा, नंतर हवा काढून पिशवीत, तारीख घालून. फ्रीजर उणे १८ अंशांवर असावा. वर्षभरात संपवा.

अंबाडीचा रंग आंबटपणामुळे जातोच, चव राहते. अळूची खाज मात्र याने जात नाही. शिजवताना चिंच हवीच. गोळा न वितळवता थेट फोडणीत टाका.