प्रकाशावर न जगणाऱ्या मृदू प्रवाळांची निगा

खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये पाळल्या जाणाऱ्या बहुतेक मृदू प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रकाशाच्या साहाय्याने ते प्रवाळाची बरीचशी भूक भागवते. चिली कोरल, स्क्लेरोनेफ्थिया, डेंड्रोनेफ्थिया या लाल, नारिंगी, जांभळ्या प्रवाळांकडे मात्र हे शैवाल नसते; प्रवाहातून वाहत येणारे कण पकडणे हाच त्यांच्या उदरनिर्वाहाचा एकमेव मार्ग असतो. म्हणून महागड्या दिव्यांचा खर्च टाळून तो पैसा खाद्यावर आणि उरलेले खाद्य कुजण्यापूर्वी बाहेर काढणाऱ्या यंत्रणेवर लावावा. हे प्रवाळ बहुधा उपासमारीने मरतात, आणि ती उपासमार कित्येक आठवडे हळूहळू चालत असल्यामुळे पाळणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

नवशिक्याने चिली कोरलच निवडावे. त्याचे पॉलिप, म्हणजे अन्न पकडणारी फुलासारखी तोंडे, तुलनेने मोठे असतात आणि नुकत्याच उबवलेल्या आर्टेमियाची (कोळंबीसारख्या एका सूक्ष्म जीवाची) पिल्ले ते सहज पकडतात. डेंड्रोनेफ्थिया दिसायला सर्वांत देखणे असले, तरी ते प्रामुख्याने वनस्पतिप्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शैवालांवर, जगते, हे लाल समुद्रातील १९९५ च्या संशोधनातून पुढे आले. इतके बारीक अन्न घरच्या टँकमध्ये अखंड पुरवणे अनुभवी माणसालाही जड जाते, त्यामुळे ते दुकानातच राहू द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. समुद्रपंखे, म्हणजे गॉर्गोनियन, वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत असल्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये. मालवणच्या सहलीतून कोणतेही प्रवाळ उचलून आणू नये आणि विक्रेत्याकडे आयातीची कागदपत्रे आग्रहाने मागावीत.

पाण्याचा खारेपणा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ) आणि तापमान २४ ते २६ अंश सेल्सिअस ठेवावे. घरातील पिण्याच्या आरओचे पाणी पुरेसे शुद्ध नसते. त्यापुढे उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनचा टप्पा जोडून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, शून्यावर आणावा लागतो. पुण्यात दुरुस्तीच्या कामासाठी गुरुवारी अनेकदा पाणीपुरवठा बंद असतो, तेव्हा दर आठवड्याला टँकमध्ये बदलायचे पाणी बुधवारीच भरून ठेवलेले बरे. बाष्पीभवनाने घटलेली पातळी नेहमी शुद्ध गोड्या पाण्याने भरावी, कारण मीठ वाफेबरोबर जात नाही.

खाद्य हा या साऱ्या खटाटोपाचा गाभा आहे. एकदाच भरपूर खाद्य ओतण्यापेक्षा थोडे थोडे पण वारंवार द्यावे. चिली कोरलचे पॉलिप बहुधा अंधार पडल्यावर उमलतात. दिवसा ते आक्रसून मरगळल्यासारखे दिसले, तर घाबरण्याचे कारण नाही. दिवे मालवल्यानंतर पॉलिप बाहेर आले की रोटिफर आणि गोठवलेले सायक्लॉप्स हे सूक्ष्म जलजीव, कालवांची अंडी किंवा आर्टेमियाची पिल्ले पिपेटने प्रवाहाच्या वरच्या बाजूला सोडावीत, म्हणजे खाद्य वाहत पॉलिपांपर्यंत पोहोचते. थेट पॉलिपांवर जोराने मारा केल्यास ते मिटतात. गोठवलेले खाद्य आधी टँकच्याच पाण्यात विरघळवून बारीक जाळीतून गाळावे, कारण त्याच्या रसातून फॉस्फेट वाढते. आर्टेमिया उबवल्यावर रिकामी कवचे वेगळी काढावीत. वनस्पतिप्लवकांसाठी ठरावीक वेळाने थोडे थोडे द्रव सोडणारा डोसिंग पंप लावता येतो, पण त्याची बाटली थंड जागी ठेवून अधूनमधून हलवली नाही, तर कण तळाशी बसतात आणि पंप नुसते पाणी पाठवत राहतो.

इतके खाद्य घातल्यावर कुजलेल्या खाद्यातून होणारे नायट्रेट वाढणारच. टँकच्या आकारमानापेक्षा मोठ्या क्षमतेचा स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारे यंत्र), कीटोमॉर्फा शैवालाचे रिफ्युजियम (हे शैवाल वाढवण्याचा जोडलेला वेगळा कप्पा) आणि दर आठवड्याला साधारण दहा टक्के पाणीबदल यांच्या जोरावर नायट्रेट १० ते २० पीपीएमच्या (दशलक्ष भागांतील भाग) आत आणि फॉस्फेट ०.१ पीपीएमच्या आसपास रोखता येते. प्रवाळाला खडकाच्या कपारीखाली उलटे लटकते ठेवावे. तेथे त्याच्यावर गाळ साचत नाही आणि अंधारामुळे शैवालही चढत नाही. प्रवाह एवढा असावा की प्रवाळ हलके झुलत राहील, पण एका दिशेला वाकून राहणार नाही. बुडाजवळचा भाग काळवंडून बुळबुळीत झाला, तर तो निरोगी भागातून धारदार पात्याने कापून टाकावा.

पुण्याचा एप्रिल-मे कोरडा असतो, त्यामुळे पाण्याच्या पृष्ठभागावर वारा घालणाऱ्या पंख्यानेही तापमान दोन-तीन अंशांनी उतरते. घर वरच्या मजल्यावर, पश्चिमेकडचे असेल तर मात्र पाणी थंड करणाऱ्या चिलर यंत्राशिवाय पर्याय नाही. दमट पावसाळ्यात पंख्याचा फारसा उपयोग होत नाही, पण तेव्हा हवाच थंड असते. वीज गेली की सर्वप्रथम पाण्याची हालचाल थांबते आणि ऑक्सिजन घटू लागतो. म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप टँकला कायम जोडलेला ठेवावा, आणि वीज परत येऊन स्किमर पूर्ववत सुरू होईपर्यंत खाद्य देऊ नये.