एसएसबीच्या गटचर्चेत शिरकाव कसा करावा

सेनादलांत अधिकारी होण्यासाठी एसएसबीला, म्हणजे सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाच्या निवडचाचणीला, जाणाऱ्या उमेदवाराला गटात बोलण्याचे प्रसंग दोनदा येतात, आणि दोन्हींना एकच सल्ला लागू करणारे लोक उमेदवाराचे नुकसान करतात, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिला प्रसंग स्क्रीनिंगच्या, म्हणजे प्राथमिक चाळणीच्या, दिवशी पीपीडीटी या चित्रावरून गोष्ट रचण्याच्या चाचणीत येतो. तीस सेकंद चित्र पाहायचे, चार मिनिटांत गोष्ट लिहायची, ती प्रत्येकाने थोडक्यात सांगायची आणि मग साऱ्या गटाने मिळून एक सामाईक गोष्ट ठरवायची. दुसरा प्रसंग जीटीओंसमोरच्या, म्हणजे गटाच्या चाचण्या घेणाऱ्या अधिकाऱ्यांसमोरच्या, गटचर्चेचा. तिथे दोन विषयांवर प्रत्येकी साधारण वीस मिनिटे चर्चा होते. पहिला विषय दिलेल्या दोनांतून गट निवडतो, दुसरा जीटीओ स्वतः देतात. पीपीडीटीत एकमताकडे जायचे असते, गटचर्चेत निष्कर्ष काढण्याची गरज नसते. हा फरक डोक्यात पक्का असेल, तर ‘शेवटी समारोप आपणच करायचा’ हा सल्ला आपोआप गळून पडतो.

रोजचे वर्तमानपत्र वाचणे मी गृहीत धरतो. विषय निवडताना आपली पसंती एका वाक्यात सांगावी आणि बहुमत दुसरीकडे गेले तर ते लगेच मान्य करावे.

चर्चा सुरू होण्यापूर्वी एक साधा हिशेब करून ठेवावा. गटात नऊ जण आणि वेळ वीस मिनिटे असेल, तर आपल्या वाट्याला सव्वादोन मिनिटेही येत नाहीत. म्हणजे वीस-पंचवीस सेकंदांच्या पाच-सहा संधी, त्याहून जास्त नाही. एकदाच उभे राहून दोन मिनिटांचे भाषण ठोकणारा उमेदवार आपला सगळा वाटा एका घासात संपवतो आणि पुढची अठरा मिनिटे इतरांच्या तोंडाकडे पाहत बसतो.

आता खरी अवघड जागा: चर्चेत शिरायचे कसे? माझ्या पहिल्या एसएसबीत मी इथेच अडकलो. पीपीडीटीची चर्चा सुरू होताच पाच-सहा जण एकदम बोलू लागले. उमेदवार ज्याला ‘फिश मार्केट’ म्हणतात, तोच प्रकार. माझ्याजवळ एक चांगले, घोटून तयार केलेले वाक्य होते आणि शांतता झाली की ते बोलायचे, असे मी ठरवले होते. शांतता झालीच नाही. जेव्हा किंचित फट मिळाली, तेव्हा गट नायकाच्या पेशावरून कथेच्या शेवटापर्यंत पोहोचला होता आणि मी मात्र नायकाचा पेशा सांगत होतो. त्या दुपारी स्क्रीनिंगमधूनच परत आलो. पुढच्या खेपेला कुणीतरी सांगितले म्हणून आवाज चढवून सगळ्यांवर मात करायला गेलो, आणि पुन्हा परत आलो.

तिसऱ्या वेळेपर्यंत एक गोष्ट उमगली होती. शांततेची वाट पाहायची नसते. बोलणाऱ्याचा श्वास पाहायचा असतो. कितीही जोरात बोलणारा माणूस वाक्य संपताना श्वास घेतोच, आणि त्या क्षणी त्याचा चेस्ट नंबर (छातीवर लावलेला क्रमांक) उच्चारून, त्याच्याकडे पाहत, त्याच्याच शेवटच्या शब्दांपासून सुरुवात केली, की तो थांबतो. स्वतःचा नंबर ऐकल्यावर माणूस स्वाभाविकपणे आपल्याकडे बघतो, त्याच्यामागोमाग इतरांची नजर वळते, आणि आपल्याला पाच-सहा सेकंद मिळतात. तेवढ्यात मुद्दा सुरू झालेला असला पाहिजे. ‘मला असे वाटते की या विषयाच्या संदर्भात’ अशी प्रस्तावना केली, तर ती संधी गेली म्हणून समजा.

एक उदाहरण देतो. विषय आहे देशभर एकत्र निवडणुका. चार नंबरचा उमेदवार म्हणतो की वारंवार निवडणुका झाल्याने आचारसंहिता लागते आणि कामे अडतात. इथे बहुतेक जण ‘मी याच्याशी सहमत आहे’ म्हणून तेच वाक्य दुसऱ्या शब्दांत सांगतात. त्याऐवजी असे म्हणावे: “नंबर चार, कामे अडतात हे खरे, पण १९६७ पर्यंत लोकसभा आणि विधानसभांच्या निवडणुका बहुतांशी एकत्रच होत होत्या, आणि पुढे काही विधानसभा मुदतीआधी विसर्जित झाल्या म्हणून ती घडी मोडली. तेव्हा सरकार मध्येच पडले तर काय करायचे, हे आधी पाहू.” इतके बोलायला वीस सेकंद पुरतात. यात समोरच्याचा मान राखला गेला, एक माहिती आली आणि गटाला पुढचा प्रश्न मिळाला. जीटीओंना टिपून घेण्याजोगे काही असेल तर ते हेच.

यासाठी मनात पूर्ण वाक्ये धरून ठेवू नयेत. मुद्दा दोन-तीन शब्दांतच ठेवावा, म्हणजे कान मोकळे राहतात आणि चर्चा जिथे असेल तिथे तो जोडता येतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींना मी हे कळकळीने सांगतो, कारण आपण मराठीत लांब वाक्य रचतो, मनातच त्याचे इंग्रजी करतो आणि तोवर विषय पुढे सरकलेला असतो. आठ-दहा शब्दांची साधी इंग्रजी वाक्ये बोलावीत. एखादा शब्द अडला तर तेवढे वाक्य हिंदीत पूर्ण करावे. अडखळत थांबण्यापेक्षा ते कितीतरी बरे. पाठ केलेले भारदस्त वाक्प्रचार मात्र घरीच ठेवावेत.

आणखी दोन सल्ले मी कुणालाही मानू देत नाही. ‘सर्वांत आधी बोला’ हा पहिला. मुद्दा हाताशी असेल तर जरूर बोलावे, परंतु केवळ पहिला नंबर लावण्यासाठी विषयाची व्याख्या सांगितल्याने काहीही साधत नाही. दुसरा सल्ला म्हणजे गप्प बसलेल्याकडे बोट करून ‘आता नंबर सातला संधी देऊ या’ असे म्हणणे. सात नंबर बिचारा आणखी गांगरतो, आणि स्वतःजवळ मुद्दा नसल्याचे आपणच सर्वांना दाखवून देतो. सातला खरोखर मदत करायची असेल, तर त्याने मघाशी अर्धवट सोडलेला मुद्दा त्याच्या नंबरासह उचलावा; तो स्वतःहून बोलू लागतो.

आपले वाक्य कुणी मध्येच तोडले, तर आवाज न चढवता ते पूर्ण करावे आणि थांबावे. नजर गटाकडे असावी, जीटीओंकडे नव्हे.

सराव एकट्याने आरशासमोर होत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूटमध्ये किंवा नाशिकरोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात असलेल्यांना गट आयता मिळतो. इतरांनी गावातले सात-आठ जण जमवावेत, छातीवर कागदी नंबर लावावेत, मोबाइलवर वीस मिनिटे रेकॉर्ड करावीत आणि नंतर एकच गोष्ट मोजावी: आपण बोलायला सुरुवात केली तेव्हा आधीच्या माणसाच्या बोलण्याला धरून किती वेळा केली. माझ्याकडे सरावाला येणाऱ्यांचा हा आकडा पहिल्या दिवशी बहुधा शून्य असतो.

जीटीओंनी वेळ संपल्याचे सांगितले की वाक्य अर्धे असले तरी तिथेच थांबावे. लगेच दुसरा विषय येतो आणि त्यानंतर ग्रुप प्लॅनिंग या पुढच्या गटचाचणीचा नकाशा समोर येतो. तेव्हा मन मागच्या चर्चेत अडकलेले असता कामा नये.